मांजर कसं होतं?

आबांनी पापलेटाच्या पाठीवर बोट दाबलं, बोट तिथंच रुतून बसलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझं लग्न आता इथंच, या टेबलावर, लिंबाच्या फोडीशेजारी संपलं.

"ह्येना माझ्यापेक्षा जास्त प्रवास केल्यान," आबा म्हणाले.

ते स्वतः वेंगुर्ल्याहून एसटीच्या दोन गाड्या बदलून आदल्या रात्री सोलापुरात उतरले होते. कंबर धरली होती, डोळे लाल होते. तरी पापलेटाची हालत आपल्याहून वाईट आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"आबा, हळू. वेटर ऐकतोय."

"ऐकांदे. तेका पण कळांदे."

हॉटेल मीच निवडलं होतं. सोलापुरातलं त्या वेळचं सगळ्यात झकपक. दारात काचेच्या पेटीत जिवंत रंगीत मासे, आत वातानुकूलित खोली, मेनूवर होडीचं चित्र. दारातल्या पायपुसण्यावर एक मांजर झोपलेलं होतं, इतकं लठ्ठ की आबांना त्याला वळसा घालून आत यावं लागलं. मला वाटलं, थंडगार हवेत आबांचा मूड बरा राहील. पण आमचे आबा वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारे. उभा जन्म वाळूत उभं राहून काढलेला. त्यांना थंड हवेत पहिली शंका आली ती हीच की, एवढा गारवा कशाला ठेवलाय, काय लपवायचं आहे?

समोर मल्लिनाथ बसला होता. मल्लिनाथ हत्तुरे. आमच्या टेलिफोन खात्यात लाइनमन. मी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, तो खांबावर. मी कानात बोलायची आणि तो तारेवर, असं आमचं जमलेलं. त्याने कांदा आणि पोळी मागवली होती आणि मान खाली घालून ती खात होता.

आता मूळ गोष्ट सांगते. मल्लिनाथबद्दल घरी सांगायला मी वेंगुर्ल्याच्या पोस्टात फोन लावून आबांना बोलावून घेतलं होतं. मुलगा कोण, जात कुठली, पगार किती, यातलं आबांनी काहीच विचारलं नाही. पलीकडून फक्त एवढंच आलं, "सोलापुरात मासळी मिळता?"

"मिळते की."

"कसली?"

"चांगली मिळते, आबा."

"मी येवन खाऊन बघतंय. बरी असली तर लगीन. नसली तर नाय. घाटार मी चेडू देतलंय नाय, जर थंय तेका मासळी नाय."

आणि फोन ठेवला. आबा एकदा बोलले की बोलले. लिलावात बोली फिरत नाही, ही त्यांची सवय घरातही.

राहिली दुसरी गोष्ट, ती मी त्यांना सांगितलीच नव्हती. मल्लिनाथ लिंगायत. त्याच्या घरात मासा सोडा, अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं. मल्लिनाथ म्हणाला होता, "मी खोटं नाही बोलणार, रत्ना. त्यांनी विचारलं तर सांगणार."

"आणि नाही विचारलं तर?"

"नाही विचारलं तर माझं तोंड पोळीनं भरलेलं असंल."

म्हणून तो पोळी खात होता.

पापलेट तसंच ठेवून आम्ही उठलो. दारातलं मांजर एक डोळा उघडून आमच्या हातांकडे पाहून परत झोपलं. आबा म्हणाले, "ह्या मांजराक पण ता नको."

दुसरं ठिकाण आमच्या सुपरवायझर साहेबांनी सुचवलेलं. पुण्याच्या रस्त्यावरचा ढाबा, उजनी धरणातले मासे, कढईत समोर तळून देणारे. साहेब म्हणाले होते, "बोटं चाटाल." आबांनी एक घास घेतला, जिभेवर फिरवला, आणि बराच वेळ समोरच्या ट्रककडे बघत राहिले.

"काय झालं?"

"शेवाळ."

"मसाला चांगला आहे ना पण?"

"मसालो बरो आसा. मसालो लावन शेवाळ बरा लागता."

मल्लिनाथची तिथेही कांदा-भाकरी. आबांनी एकदा त्याच्या ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पाणी प्यायले. ढाब्यामागे दोन मांजरं उकिरड्यावर पाय पसरून उन्हात लोळत होती, दोघंही गलेलठ्ठ. त्यांच्याकडे माझं लक्ष जायचं काहीच कारण नव्हतं. पण मल्लिनाथने त्यांच्याकडे पाहून "हूं" केलं, ते मला ऐकू आलं.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. आबांनी खिशातून तंबाखूची चंची काढली, परत ठेवली. "गो रत्ना," ते म्हणाले, "चल, उद्या सकाळची गाडी बघूया."

मी बाहेर बघायला लागले. तेवढ्यात पुढून, ड्रायव्हरशेजारी बसलेला मल्लिनाथ मागे वळला.

"आबा, अजून एक हाय. नाव नाही, पाटी नाही. पण हाय."

"कोणी सांगितल्यान?"

"कोणी नाही. मी बघितलंय."

"खाल्लंस?"

मल्लिनाथ परत पुढे वळला. "बघितलंय," तो परत म्हणाला.

पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका माग चालणाऱ्या घराच्या पडवीत नरसम्मा नावाच्या तेलुगू बाईची खानावळ होती. चार बाकडी, भिंतीवर देवाचा फोटो, आत चुलीवर मोठं पातेलं. मागाचा खटखटाट इतका की ओरडून बोलावं लागे. पडवीच्या पायरीवर एक मांजर बसलेलं होतं. हाडं मोजून घ्यावीत असं. आम्हाला बघून ते काही उठलं नाही, त्याला आमच्याकडून कसलीच आशा नव्हती.

"मरळ हाय, पुलुसु हाय," नरसम्मा म्हणाल्या. "बसा ना सायेब. दुसरं काय बी नाय. दुसरं पायजे तर दुसरीकडं जावा."

आबांना हे बोलणं आवडलं. मला ते त्यांच्या बसण्यावरून कळलं. झकपक हॉटेलात ते खुर्चीच्या टोकावर होते, इथे बाकड्यावर मांडी घालून बसले.

पुलुसु म्हणजे चिंचेचा तांबडालाल रस्सा, वर तेलाचा तवंग, आत मरळीचे जाड तुकडे. आबांनी आधी नुसता रस्सा भातावर घेतला. मग मासा. मग त्यांनी पंचा खांद्यावरून काढून बाजूला ठेवला. ते बघितल्यावर मी श्वास सोडला. आबा पंचा काढतात तो घरातल्या जेवणाला.

"ह्यो खंयचो?"

"तळ्याचा," नरसम्मा म्हणाल्या. "दोनदा मिठानं घासते, मग हळद. चिखल गेला पायजे ना."

आबांनी मान डोलावली. "दर्यातलो नाय," ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "पण लाज राखल्यान." मग नरसम्मांकडे वळून, त्यांच्या मते शुद्ध मराठीत, "बाई, मुंडकं कुणाला देता?"

"जो मागंल त्याला."

"मी मागतो."

मुंडकं आलं. आबांनी ते असं सोलून खाल्लं की ताटात राहिलं ते शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात ठेवता आलं असतं. मल्लिनाथने दहीभात खाल्ला. पायरीवरच्या मांजराने आबांच्या ताटाकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि निघून गेलं.

"मग आबा?" मी विचारलं.

"मासळी आसा," आबा म्हणाले. "उद्या माणसां बघूया. मग काय ता सांगतंय."

मल्लिनाथच्या घरचं जेवण मी मुद्दाम सोमवारी ठरवलं होतं. सोमवारी आमच्याकडे रामेश्वराचा वार, घरात मासळी शिजत नाही. आम्ही त्याला शिवराक म्हणतो. शिवराक म्हणजे बिनमाशाचं जेवण, दुसरं काही नाही. तेव्हा सोमवारी हत्तुऱ्यांच्या घरी ताटात मासा दिसला नाही तर आबांना त्यात वावगं काहीच वाटणार नव्हतं. त्यांनाही आपल्यासारखाच सोमवार आहे, एवढंच वाटेल. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. मी तेवीस वर्षांची होते.

मल्लिनाथची आई, सगळे त्यांना अव्वा म्हणत, दारातच उभ्या होत्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात तांब्या.

"या की हो पावणं, लई लांबनं आलाव. पाय धुवा. बसा, बसा की."

पितळेच्या ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी, आणि मधोमध तुपाची धार सोडलेली गव्हाची हुग्गी, गुळातली खीर. आबा खाऊ लागले. वांगं आवडलं. चटणी पुन्हा घेतली. अव्वा पदर खोचून वाढत होत्या, आबा आग्रहाला नाही म्हणत नव्हते, आणि मी भिंतीला टेकून मल्लिनाथकडे बघून डोळ्यांनी म्हणत होते की झालं, जमलं.

आबांना वाटलं, दोन शब्द चांगले बोलावेत. खाकरले. "फार चांगलं झालंय. आज आमचं पण शिवराक."

अव्वांच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात जोडले, चमच्यासकट, आणि म्हणाल्या, "शिव राख!"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. अव्वांनी ऐकलं होतं ते "शिव, राख." म्हणजे, हे शिवा, सांभाळ.

"किती गोड बोलत्यात पावणं," अव्वा मल्लिनाथला म्हणाल्या. "जेवताना पन देवाचं नाव." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

आबा खूश झाले. "तुमच्यात पण सोमवारी शिवराक?"

"सोमवारी कशाला? रोज की हो!"

"रोज?"

"उठल्या उठल्या शिव राख. निजताना शिव राख."

आबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मंगळवारी?"

"मंगळवारी बी."

"बुधवारी?"

"बुधवारी काय देव झोपतो व्हय?"

"रविवारी?" आबांचा आवाज बारीक झाला होता.

"रविवारी तर दोनदा!" अव्वा म्हणाल्या. "माज्या सासूचा जन्म यातच गेला, माजा गेला, आता हिचा बी यातच जाईल." आणि त्यांनी मोठ्या मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आबा माझ्याकडे बघत होते. लिलावात एखाद्याने टोपलीत खाली सडकी भरून वर ताजी मासळी पसरलेली सापडली की ते असं बघत.

"रत्ना," ते म्हणाले. "ही बाय म्हणता ता खरां?"

मी काही बोलायच्या आत मल्लिनाथ पुढे आला. "खरं हाय, आबा. आम्ही मासे खात नाही. घरात कुणीच नाही. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मासे?" अव्वा म्हणाल्या. "कसले मासे? कोन खातंय मासे?"

त्यांनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अव्वांनी माझ्या डोक्यावरचा हात हळूच उचलला. ओढून घेतला नाही, उचलला. पण मला तो उचललेला फार लागला.

"मी खाते, अव्वा," मी म्हणाले. "आमच्यात रोज खातात. सोमवारी नाही खात. त्याला आमच्याकडे शिवराक म्हणतात. आबा तेच म्हणत होते."

अव्वांना ते समजायला वेळ लागला. "म्हंजे ते देवाचं नाव नव्हतं?"

"नाही."

"म्हंजे मी हात जोडले ते..."

"वांग्याला," मल्लिनाथ म्हणाला.

त्याच्यावर कुणी हसलं नाही. आबांनी ताटावरून हात उचलला. उठणार असं वाटलं. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"काल ती पूर्व भागातली बाय," ते मल्लिनाथला म्हणाले. "तू खायत नाय, तुझ्या घरात कोण खायत नाय. मग तुका ता हाटेल गावला कसां?"

"खांबावरनं."

"काय?"

"मी खांबावर चढतो ना आबा. खाली उभं राहिलं की हॉटेलाचं तोंड दिसतं. खांबावरनं मागचं अंगण दिसतं, जिथं ताटं धुतात. रत्ना आल्यापासून मी बघतोय, हिला कुठं नेता येईल म्हणून. त्या झकपक हॉटेलामागं अर्धा मासा उकिरड्यावर जातो. ढाब्यामागं पण तसंच. तिथली मांजरं लठ्ठ. नरसम्माच्या अंगणात काटे पडतात ते कंगव्यासारखे, एक कण लागलेला नसतो. तिथलं मांजर वाळलंय. मी म्हटलं, जिथं मांजर उपाशी, तिथं मासा बरा असणार."

आबांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. आधी आवाज नव्हता, मग एकदम असे हसले की शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकीत डोकावलं.

"जल्मभर मी कल्लो उघडून मासो बघलंय," ते म्हणाले. "मांजर बघून मासो वळखणारो पयलोच."

मग ते अव्वांकडे वळले. आता मालवणीही नाही आणि त्यांची ती शुद्ध मराठीही नाही, मधलंच काहीतरी बोलू लागले.

"बाई, माझी एक बहीण होती. घाटावर दिली. माणसं चांगली, तुमच्यासारखी. तिच्यावर कुणी हात नाय उगारला, कुणी वाईट बोललं नाय. पण माहेराक आली की पहिल्या दिवशी ती आमच्याशी बोलायची नाय. चुलीपुढं बसून खायची. खाऊन झालं की मग म्हणायची, दादा, कसो आसस? मी एकदा विचारलं, गो, सासरी सांगत का नाय, माका मासळी व्हयी म्हणून? ती म्हणाली, तेंका काय वाटात. ती गेली तोपर्यंत तिनं सांगितलं नाय. मासळीचं सोडा. तिनं काय म्हणजे कायच मागितलं नाय कधी तिथं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"म्हणून मी मासळी विचारतो. माझी मुलगी माशावाचून मरायची नाय. पण तिका मागता येवूक व्हया."

अव्वा उभ्याच होत्या. त्यांना सगळे शब्द कळले नसतील. पण त्या खाली बसल्या, आबांच्या समोर, ताटाशेजारी, आणि हुग्गीच्या पातेल्यात चमचा फिरवत राहिल्या. मल्लिनाथ बोलायला गेला तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मला बी," त्या शेवटी म्हणाल्या, "लगीन झालं तवा चहा लागायचा. माहेरी प्यायचो आमी. इथं सासूला चालत नव्हता. मला बी कवा मागता आला नाय." मग माझ्याकडे बघून, जरा रागाने, "मासे घरात यायचे नाहीत. सांगून ठेवते. भांडं नाही, वास नाही, काय नाही."

"नाही, अव्वा."

"घरात शिवराक."

"हो."

"आन बाहेर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मल्लिनाथकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. दोन्ही हात जोडून, चमच्यासकट, म्हणाल्या, "बाहेर शिव राख!"

आबांनी ताट पुढे सरकवलं. "वाढा," ते म्हणाले. "थोडी हुग्गी वाढा."

लग्न वैशाखात झालं. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते, आणि रविवारी संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या पोस्टातून एक्स्चेंजला फोन लावून माझ्या मैत्रिणींना आधी विचारत, "रत्ना आज शिवराक काय शिव राख?" सगळ्या ऑपरेटर बायकांना त्याचा अर्थ पाठ झाला होता.

नरसम्मांच्या नातीने आता खानावळीला पाटी लावली आहे, पण आत बाकडी तीच. रविवारी आम्ही दोघं जातो. मल्लिनाथ निवृत्त झालाय, खांबावर चढत नाही, तरी दहीभात खाता खाता मान उंच करून मागच्या अंगणात बघतोच. अव्वा आता थकल्यात. दिवसातून तीन चहा लागतात त्यांना, आणि मागून घेतात. आम्ही परत आलो की मला दारातच थांबवतात. तोंड धुवून आत यायचं, हा नियम. आणि तोंड धुवायच्या आधी एकच प्रश्न.

"मांजर कसं होतं?"

"वाळलेलं, अव्वा."

"मग बरं जेवलीस," असं म्हणून त्या टॉवेल पुढे करतात.